शांत, हिरवीगार आणि नोकरदार

धाराशिवात प्लॉट विकणाऱ्यांची जी पत्रकं निघतात, ती वाचायला मला फार आवडतं. वर्तमानपत्राच्या घडीतून ती खाली पडतात आणि मुख्य अंकापेक्षा त्यांतल्या बातम्या चांगल्या असतात. 'निसर्गरम्य परिसर. शांत वातावरण. तीस फुटी रस्ते. भरपूर गोड पाणी. सुशिक्षित नोकरदार वस्ती. बसस्थानकापासून अवघ्या सात मिनिटांवर.' खाली बंगल्याचं चित्र, बंगल्यापुढं हिरवळ, हिरवळीवर फुगा धरलेली गोरीपान मुलगी आणि मागं नारळाची रांग. समुद्र तेवढा छापायचा राहिलेला असतो. सात मिनिटं कशानं, ते लिहिलेलं नसतं. चालत, स्कूटरनं की हेलिकॉप्टरनं, हे गिऱ्हाईकानं ऐपतीप्रमाणं समजून घ्यायचं.

अशाच एका पत्रकातून जन्मलेल्या कॉलनीत मी राहतो. तिचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर भाव पडतील असं आमच्या सेक्रेटरींचं म्हणणं आहे. समर्थ नगर, समता नगर, तांबरी विभाग ही नावं गावात सगळ्यांना ठाऊक; आमचं नाव रिक्षावाल्यालाही दोनदा सांगावं लागतं, आणि तिसऱ्यांदा तो म्हणतो, "असं सांगा की, ते म्हशीचा गोठा हाय तिथं." पत्रकात गोठा नव्हता.

जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळं आमच्या गावातला सगळ्यात मोठा कारखाना म्हणजे सरकार. नव्या माणसाला इथं 'काय करता?' असं कोणी विचारत नाही, 'कोणत्या खात्यात?' असं विचारतात. आमच्या ओळीत झेडपी, महसूल, शिक्षण, बँक अशी खाती लागून आहेत, आणि कोपऱ्यावर पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले काका राहतात. उन्हाळ्यात टँकर सगळ्यात आधी त्यांच्याच दारात उभा राहतो. घरांची नावं मातृछाया, पितृछाया, गुरुछाया. एकानं नुसतंच 'छाया' ठेवलं आहे. ते त्याच्या बायकोचं नाव आहे हे कळेपर्यंत आम्ही त्याच्या अंगणात झाड शोधत होतो.

गावापासून लांब, झाडीत, शांत जागी जाऊन राहावं ही ओढ आमच्याकडं फार जुनी आहे. गावापासून आठेक किलोमीटरवर बालाघाटच्या डोंगरात धाराशिव लेणी आहेत. त्यांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात 80 बाय 80 फुटांचा मंडप आहे आणि भिक्खूंना राहायला 14 खोल्या. आजच्या भाषेत फोर्टीन बीएच. के नाही, कारण फॅमिली नाही. एवढी शांतता हवी असेल तर फॅमिली सोबत आणू नये, हे त्या मंडळींना दीड हजार वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

याच लेण्यांशी जोडलेली एक कथा मुनी कनकामरांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात येते. करकंड राजाला लेण्यातल्या मूर्तीपाशी एक गाठ दिसली आणि ती त्याच्या डोळ्यांना खुपली. तिच्यामागं पाणी आहे, हात लावू नका, असं जाणत्या कारागिरानं सांगूनही राजानं ती फोडायला लावली. पाण्याचा लोंढा आला आणि लेणं भरून गेलं. राजाला फार पश्चात्ताप झाला. मी ही कथा आमच्या कट्ट्यावर मोठ्या रंगात सांगितली. राजाच्या पश्चात्तापाशी कोणाला काही देणंघेणं नव्हतं. दोन मिनिटं सगळे गप्प बसले आणि मग महसूलवाले आप्पा म्हणाले, "किती फुटावर लागलं?"

तिकडं विलायतेत ही ओढ जरा उशिरा लागली. 1898 साली एबेनेझर हॉवर्ड नावाच्या माणसानं शहराची सोय आणि खेड्याची हवा एकत्र आणणाऱ्या उद्यान-नगरांचं पुस्तक लिहिलं. हा गृहस्थ पार्लमेंटातल्या भाषणांचं लघुलेखन करायचा. म्हणजे नोकरदारच. इतरांची भाषणं वर्षानुवर्षं उतरवून घेणाऱ्या माणसाला शांत वस्तीचं स्वप्न पडावं, यात मला काही नवल वाटत नाही. त्याच्या कल्पनेतलं पहिलं गाव, लेचवर्थ, 1903 साली वसायला लागलं. तिथं दारूबंदी होती, आणि 1907 साली तिथं जो गुत्ता निघाला त्यात दारू सोडून बाकी सगळं मिळायचं. हॉवर्डचं पुस्तक आलं त्याच 1898 साली इकडं मुंबईत, प्लेगनं हादरून, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानं दादर-माटुंग्याकडं रुंद रस्त्यांच्या, झाडांच्या, मोकळ्या हवेच्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातल्याच. आमची कॉलनी म्हणजे त्याच घराण्याची लांबची, मराठवाड्यात दिलेली लेक. फरक एवढाच की लेचवर्थ आखणाऱ्यांना पाऊस ही अडचण वाटत असणार.

आमचं पाण्याचं दुखणं भूगोलातच आहे. धाराशिव बालाघाटच्या पाठीवर बसलेलं आहे. पाऊस पडला की एका उताराचं पाणी तेरणेतून मांजरेला आणि मांजरेतून गोदावरीला जातं. दुसऱ्या उताराचं भोगावतीतून सीनेला आणि पुढं भीमेला. दोन मोठ्या नद्यांना आमच्याकडून पाणी जातं, त्यांच्या काठी लोक स्नानं करतात, पुण्य मिळवतात, आणि ज्यांच्या डोक्यावर हा पाऊस पडला ते आम्ही बादली घेऊन उभे. नळाचं पाणी येतं ते सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणातून, म्हणजे भीमेचंच, चढ चढून परत. उजनी पंढरपूरच्या वरच्या अंगाला असल्यामुळं एक गोष्ट मात्र अशी झाली आहे की चंद्रभागेत पोचायच्या आधीच थोडं पाणी आमच्या कढीपत्त्याला मिळतं. आधी कढीपत्ता, मग विठोबा. आषाढीला त्याची पानं तोडताना आमची आई दोन्ही गालांवर हात मारून घेते.

नळाच्या पाण्याला आमच्याकडं वार नसतो, तिथी असते. ती कोणत्याही पंचांगात सापडत नाही. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी पहाटे 'आलं' एवढाच मेसेज टाकतो आणि सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. त्या ग्रुपचा नियम आहे, की 'फक्त कॉलनीच्या कामाचे मेसेज टाकावेत'. 'आलं' हा आजवर नियमात बसलेला एकच मेसेज.

आणि तरीही कॉलनी हिरवी आहे. हे कसं, तर प्रत्येक झाड कोणत्या ना कोणत्या सांडपाण्यावर नावानिशी नेमून दिलेलं आहे. धुण्याच्या पाण्यावर नारळ, भांड्यांच्या पाण्यावर अळू, फिल्टरनं फेकून दिलेल्या पाण्यावर मोगरा. तुळशीला तेवढं पहिल्या धारेचं. आंघोळीचं पाणी पपईला. आमच्या शेजारचे गुरुजी सकाळी 'आंघोळ करून येतो' म्हणत नाहीत, 'पपईला पाणी देऊन येतो' म्हणतात. मे महिन्यात त्यांच्याकडं लग्नाचे पाहुणे उतरले की पपई दोन दिवसांत टवटवीत होते आणि पाहुणे निघताना गुरुजींचा चेहरा खरोखर उतरतो.

पत्रकातली 'हिरवीगार' ही ग्वाही सगळ्यात इमानानं पाळतात ते रिकामे प्लॉट. त्यांचे मालक पुण्यात. 'रेट येऊ द्या' म्हणून ते थांबलेत आणि तोवर प्लॉटवर वेडी बाभूळ आणि गाजरगवत दोन्ही उभं आहे. श्रावणात कॉलनीचा फोटो काढला तर महाबळेश्वर वाटावं. एका मालकाच्या मुलानं तो फोटो बघून 'वॉव, सो ग्रीन' असं लिहून पाठवलं. आम्ही त्याला उलट लिहिलं की बाबांना सांग, या ग्रीनमधून परवा धामण निघाली.

हिरवाईची खरी कसोटी घेणारा प्राणी मात्र आमच्या जिल्ह्याच्याच नावानं देशभर ओळखला जातो. उस्मानाबादी शेळी. काळीभोर, काटक, दुष्काळात तगून राहणारी, जुळी करडं देण्यात नावाजलेली. जिल्ह्याचं नाव 2023 साली धाराशिव झालं. शेळी अजून उस्मानाबादीच आहे, आणि तिला दोन्ही नावांच्या काळात लावलेली रोपं सारखीच गोड लागतात. तिची काम करायची पद्धत बघण्याजोगी असते. आधी ती ट्री गार्डभोवती एक चक्कर मारते. मग मागच्या दोन पायांवर सरळ उभी राहते, पुढचे दोन पाय त्या पत्र्यावर टेकवते जिथं 'सौजन्य' लिहून नगरसेवकाचं नाव रंगवलेलं असतं, आणि मान वाकडी करून, ओठ लांब करून, नेमका शेंडा खुडते. पानं नाही, शेंडा. पानं उद्यासाठी. 2019 साली राज्यात 33 कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली, तेव्हा आमच्या ओपन स्पेसच्या वाट्याला जी रोपं आली त्यांचं शेळ्यांनी चार दिवसांत खत करून दिलं. ते खत बँकवाल्या काकांच्या गुलाबाला गेलं. त्या अर्थी मोहीम वाया गेली नाही.

जी झाडं शेळीच्या तोंडाच्या वर गेली, ती मग माणसांच्या भांडणात येतात. आमच्या पश्चिमेच्या वहिनींच्या कुंपणाला लागून एक मोठा कडुलिंब आहे. झाड त्यांचं, पण सूर्य पश्चिमेकडं कलला की सावली आमच्या अंगणात. वहिनींचं म्हणणं असं, की आम्ही झाडाला पाणी घालायचं, आळं करायचं, आणि दुपारची झोप तुमच्या खाटेवर? आमचं म्हणणं, की फाल्गुनात पाला आमच्याकडं पडतो, चैत्रात फुलोरा आमच्याकडं पडतो आणि पुढं लिंबोळ्या पायाखाली फुटून घरभर येतात त्या आमच्याकडं, त्याचं काय? एकदा तर आमच्या सावलीत कोणाकोणाच्या गाड्या लागतात याची वहिनींनी यादीच काढली होती. तोडायचं म्हटलं तर तेही सोपं नाही. शहरातल्या झाडांसाठी 1975 सालचा कायदा आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. त्यात 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांच्या पुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. हे कळल्यापासून वहिनी त्या लिंबाचं वय चारचौघांत कमी सांगतात.

आता शांततेचं. झाडं जगवायची तर पाणी हवं, पाणी हवं तर बोअर हवा, आणि शांतपणे मारता येईल असा बोअर अजून निघालेला नाही. 'शांत' आणि 'हिरवीगार' हे शब्द पत्रकात शेजारी छापलेले असतात. प्रत्यक्षात त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.

2020 च्या जानेवारीत आमच्या गावात 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. हरित वसईसाठी झगडलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, तेव्हा झाडापानांची भाषा गावात सगळ्यांच्याच तोंडी होती. त्या निमित्तानं पुण्याचे एक कवी, आमच्या नात्यातले, आमच्याकडं उतरले. रात्री जेवणं झाल्यावर ते अंगणात खुर्ची टाकून बसले. म्हणाले, "काय शांतता आहे हो तुमच्याकडं! पुण्यात ही विकत मिळत नाही." मी काही बोललो नाही. कारण संध्याकाळी गुरुजींच्या दारात पाणाड्या येऊन गेला होता. तळहातावर नारळ आडवा धरून तो अंगणभर फिरला, आणि नारळ उभा राहिला तो नेमका संडासाच्या टाकीपाशी. तिथं नको म्हटल्यावर नारळानं समजूतदारपणा दाखवून आठ फूट अलीकडची जागा दिली. आता फक्त गाडी यायची होती.

गाडी अकराच्या सुमारास आली. या गाड्या फार लांबून, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेहून येतात. एकीवर मशीन, दुसरीवर कॉम्प्रेसर आणि पाइप. पोरांना मराठी येत नाही आणि गरजही नसते. जिल्ह्यात त्यांना लागणारा शब्द एकच, 'फूट'. कॉम्प्रेसर सुरू झाला तशी कवींची खुर्ची आपोआप सरकायला लागली. पाच मिनिटांत साऱ्या ओळीतले दिवे लागले. कोणी रागावून बाहेर आलं असेल असं वाटत असेल तर तुम्ही आमच्याकडचे नाही. मफलर, शाली, स्वेटर घालून सगळे खुर्च्या घेऊन आले. गुरुजींच्या सूनबाईंनी पातेलंभर चहा टाकला. आधी काळी माती निघाली, मग मुरूम, मग काळ्या पाषाणाची करडी भुकटी. ठरावीक फुटांनंतर मशीनवरचा पोरगा घमेलंभर भुकटी बाजूला ओतायचा आणि तिच्या ढिगांची ओळ लावायचा. प्रत्येक ढिगाजवळ बसून चिमटीत भुकटी चोळून बघणं हा ज्येष्ठांचा मान. दोनशे फुटांवर गेरूच्या रंगाचा थर लागला तेव्हा आप्पांनी "आता येतंय" म्हणून सांगितलं. चारशेवर पुन्हा सांगितलं. गुरुजी काहीच बोलत नव्हते. फुटाचा दर आणि पीएफमधून काढलेली रक्कम यांचा हिशेब ते ओठांनी करत होते. साडेपाचशेच्या पुढं, पहाटे अडीच-तीनला, भुकटी दमट आली, मग फेस आला, मग एकदम करड्या पाण्याची चूळ उसळली आणि साऱ्या ओळीनं टाळ्या वाजवल्या. सूनबाईंनी हळदकुंकू वाहिलं. सगळ्यात पुढं, आमचा कवी. शाल कमरेला बांधलेली, भुवया पांढऱ्या, चिमटीत चिखल. मला म्हणाला, "दोन इंची तरी आहे."

सकाळी कॉलनीतलं एकही झाड हिरवं नव्हतं. लिंब, पेरू, जास्वंद, कढीपत्ता, सगळ्यांवर दगडाची पिठी. महिनाभरानं ओळीतल्या आणखी एका घरचा जुना बोअर घरघर करून बसला आणि तिथं तिरुचेंगोडेची गाडी आली. चहा त्यांच्याकडचा.

बाकीच्या आवाजांचं फार सांगत नाही. पत्रकातला 'शांत परिसर' वाचून एका हिशेबी माणसानं आमच्या कडेला मंगल कार्यालय काढलं आणि आपल्याही पत्रकात 'शांत परिसरात' असं छापलं, हे एवढं पुरे. लेआऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. त्या ओपन स्पेसमध्ये नकाशात बाग आहे. जमिनीवर आधी क्रिकेटचं पीच होतं, मग शेंदूर लावलेला दगड आला, मग दगडावर पत्रा, पत्र्यावर भोंगा, आणि आता सभामंडपाचा स्लॅब निघाला आहे. दगड कोणी ठेवला हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच सांगत नाही. सेक्रेटरी पावतीपुस्तक खिशात घेऊन फिरतात.

निखळ शांतता हवी असेल तर ती वर्षातून एकदाच मिळते, वेळ अमावस्येला. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमचा आणि लातूरचा माणूस घरी सापडत नाही. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याचं नाही तो ज्यानं बोलावलं त्याच्या शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, आंबील, उंडे, आणि झाडाखाली आडवं होणं. बाजारपेठ बंद, रस्ते मोकळे. कॉलनीत त्या दिवशी भोंगा नाही, मोटार नाही, भंगारवाला नाही. पत्रकात लिहिलं होतं ते सगळं तंतोतंत उतरलेलं असतं, फक्त बघायला कोणी नसतं. एका वर्षी ताप असल्यामुळं मी मागं राहिलो. म्हटलं, बघू या ही शांतता. पहिला तास वर्तमानपत्रात गेला. दुसऱ्या तासाला मी स्वतःशी मोठ्यानं बोलून बघितलं. बारा वाजता वहिनींच्या लिंबाचं एक पान आमच्या अंगणात पडलं, त्याचा आवाज आला, आणि भांडायलाही पलीकडं कोणी नाही हे लक्षात आलं. मी क्रोसिन घेतली, स्कूटर काढली आणि मेहुण्याच्या शेतावर जाऊन दोन वाट्या आंबील प्यालो.

जुन्या गावातल्या गल्लीशी तोलायचं तर हिशेब असा. तिथं कोथिंबीर हात लांब केला की मिळायची, इथं तिच्यासाठी स्कूटर काढावी लागते. तिथं ओट्यावर बसलेल्या माणसाला "जेवलाव का?" विचारल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. इथं सगळ्यांनी आधी कंपाउंड बांधले, गेटं बसवली, न पाळलेल्या कुत्र्यांपासून सावध राहायच्या पाट्या लावल्या. मग एकटं वाटायला लागलं म्हणून रस्त्यावर बाकडी मागितली. आता संध्याकाळी सगळे गेटाबाहेर असतात आणि आत पाटी राखण करते. तिथं घरात काय शिजतंय ते चौथ्या घराला कळायचं. इथं कळत नाही, विचारावं लागतं, आणि विचारतात. गल्लीत दहा माणसं तीन खोल्यांत राहायची. इथं पाच खोल्यांत दोन. 'फॅमिली वस्ती' म्हणतात खरं, पण फॅमिली हिंजवडीला असते. वरचा मजला प्रत्येकानं मुलासाठी बांधला. आमच्या वरच्या मजल्यावर सध्या ज्वारीची सहा पोती, तुरीची दोन आणि कुरडयांचे डबे राहतात. ज्वारीच्या खोलीला ॲटॅच बाथरूम आहे.

माझे साडू पिंपरी-चिंचवडला एका कंपनीत आहेत, आता निवृत्तीला आलेत. मूळ गाव वाशी तालुक्यातलं. त्यांच्या हाती आमच्या कडेच्या प्लॉटचं पत्रक लागलं आणि त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, खरं सांगा, राहायला कसं आहे? शांत, हिरवं, चार माणसं ओळखीची, एवढंच पाहिजे." मी त्यांना वर लिहिलंय ते बहुतेक सगळं सांगितलं. शेळी, लिंब, बोअर, भोंगा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ट्रॅफिक नाही ना?" पुण्याच्या माणसाशी तोलताना हे एक वजन असं आहे, की ते पारड्यात पडलं की बाकी सगळं हवेत जातं.

पुढच्याच रविवारी ते प्लॉट बघायला आले. प्लॉटपर्यंत जायला बाकड्यावरून जावं लागतं.

"पाहुणे कुठले?" आप्पांनी विचारलं.

"पिंपरीला असतो."

"ते असू द्या. मूळ?"

"वाशीकडचे."

"वाशीत कुणापैकी?"

साडूंनी सांगितलं. बाकड्यावर हालचाल झाली. त्यांचे चुलते एके काळी शिक्षण खात्यात होते आणि गुरुजींनी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं, हे निघालं. मग पोरं किती, काय करतेत, पॅकेज किती, मुलीकडचं काही चाललंय का, आणि शेवटी, घसा साफ करून, "पेन्शन?"

"खासगी कंपनी आहे. ईपीएफची मिळेल तेवढी."

बाकड्यावर दोन मिनिटं कोणी बोललं नाही. बँकवाल्या काकांनी सरकून त्यांना बसायला जागा दिली. "काही काळजी करू नका," आप्पा म्हणाले, "इकडं खर्च कमी हाय. प्लॉट चांगलाय. तिथं पाणी पण हाय."

"किती फुटावर?" साडूंनी विचारलं.

वहिनी कंपाउंडवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या हो भाऊजी, पण माझ्या लिंबाकडच्या बाजूला बेडरूम काढू नका. नंतर पाल्याचं बोलायचं नाही."

तेवढ्यात सेक्रेटरी आले. त्यांनी नाव विचारलं नाही, ते ग्रुपवर पोचलेलं होतं. पावतीपुस्तक उघडून त्यांनी कार्बन सरळ केला आणि लिहायला लागले. साडू म्हणाले, "अहो, अजून बघितलासुद्धा नाही प्लॉट. सातबारा बघायचाय, बायकोला विचारायचंय..."

"ते बघा की सावकाश. कोण नको म्हणतंय?" सेक्रेटरी मान वर न करता म्हणाले. "स्लॅब पुढच्या आठवड्यात हाय."

साडू संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं परत गेले. प्लॉटचं अजून काही ठरलेलं नाही. त्यांच्या पाकिटात पाणाड्याचा मोबाइल नंबर आहे आणि सभामंडपाची पावती आहे, अकराशे एक रुपयांची, 'प्लॉट मालक' या नावे.